आप्पांचा सुट्टीचा आठवडा

कुरकुंभच्या आमच्या केमिकल कारखान्यात नोकरी मागायला आलेल्या पोराला एचआरचे कोकरे आप्पा पहिला प्रश्न विचारत, "घरी कांदा हाय का ऊस?" तो बिचारा डिग्रीची फाइल पुढे करी. आप्पा ती बाजूला सारून विहिरीला पाणी किती, लागण कधी, भाऊ वेगळे झालेत का, अशी चौकशी चालू ठेवत. मुलगी द्यायला निघालेला बापही इतकं विचारत नाही. शेजारच्या टेबलावर मी गालातल्या गालात हसायचो.

मग मंदी आली. परदेशातल्या ऑर्डरी आटल्या आणि मालकांनी निम्मी माणसं कमी करायला सांगितली. आमच्या तोंडचं पाणी पळालं. आप्पा मात्र मालकांसमोर कुणाची कांदालागण कधी, कुणाचा ऊस कधी तुटणार, ते घडाघडा सांगू लागले. त्यावरून त्यांनी बेत मांडला: एक आठवडा निम्म्यांनी यायचं, दुसरा आठवडा उरलेल्यांनी. पगार निम्मा, पण नोकरी कुणाचीच जाणार नाही. ज्यांना शेती नाही, त्यांनी सुट्टीत शेतीवाल्यांकडे रोजानं जायचं. हा कारखाना आहे की बाजार समिती, असं मालकांनी विचारलंच.

"साहेब, मशीन बंद ठेवलं तरी परत चालू हुतंय," आप्पा म्हणाले. "माणूस एकदा गेला की दुसऱ्याच्या गेटावर उभा ऱ्हातोय."

मालक कसेबसे तयार झाले.

आप्पांनी निम्मा पगार आणि सुट्टीचा आठवडा स्वतःलाही लावून घेतला. त्या आठवड्यात ते गळ्यात ओळखपत्र अडकवून स्कूटरवर 'पाहणी'ला निघत. आज केडगाव, उद्या पाटस. बांधावर उभं राहून रोपं वाकडी लागली म्हणून कामगारांना झापायचं आणि भाकरीची वेळ झाली की निवांत हात धुवायचे. पोरांच्या आया त्यांच्यासाठी ठेचा वेगळा काढून ठेवू लागल्या.

मागच्या महिन्यात ऑर्डरी परतल्या. एकही माणूस न गमावता कारखाना पुन्हा भरला. पेढे वाटले, कुणीतरी हलगी आणली. मीसुद्धा नाचलो, आनंदच तसा होता. आप्पा तेवढे कोपऱ्यात पेढा तसाच हातात धरून बसलेले. काय झालं म्हणून मी जवळ गेलो.

"समदे कामावर आले," ते म्हणाले. "आता पुढल्या आठवड्यात मी जेवायला कुणाकडं जायाचं?"

वहिनी गेल्यापासून दौंडच्या खोलीत हा माणूस एकटाच जेवतो, हे मला ठाऊक होतं. पण त्याचा कधी विचार केला नव्हता. मी त्यांना रविवारी आमच्याकडे बोलावलं.

"सकाळी का सांजच्याला?"

"दोन्ही वेळेला," मी म्हटलं आणि तिथूनच घरी फोन लावला.