बारा व्होल्टची रिकामी जागा

डॉ. वैजयंती सुतारांच्या मोटारसायकलची बॅटरी बुधवारी सकाळी वारली, आणि तिच्या जागी कोणाला बसवायचं हे ठरवण्याचा अधिकार, कायद्याप्रमाणे, मोटारसायकलचा होता.

एरवी वैजयंतीची या कायद्याबद्दल काही तक्रार नव्हती. आंबेवळच्या जनावरांच्या दवाखान्यात तिला सहा वर्षं झाली होती आणि या काळात तिने गाव, गुरं आणि कायदे जसे आहेत तसे मान्य केले होते. पण त्या सकाळी वर डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाड्यात भागूबाई झोरेंची म्हैस अडली होती.

"दोन पाय भायेर आल्यात बाई, पर मुंडकं येईना," भागूबाई फोनवर म्हणाल्या. "चांदी उभीच राहीना आता."

"ओढू नका. कुणालाही ओढू देऊ नका. मी निघालेच."

तिने बॅग पाठीला लावली, बटण दाबलं. आतून नुसतं टक् झालं. पुन्हा दाबलं तर तेही नाही. तिने सीट काढून बघितलं. बॅटरी गेलेली होती. कडा फुगल्या होत्या, एका टोकाला पांढरी भुकटी जमली होती.

धक्का मारून गाडी चालू करायला दुखवट्यात बंदी असते. ढकलत नेली तर चालते. दुसऱ्याची गाडी मागावी, तर कोणतीही गाडी परक्या माणसाला घाटात नेत नाही. वरच्या वाटेवर जीप शेवटपर्यंत जात नाही आणि पायी निघालं तर पोचेपर्यंत म्हैसही जाणार, रेडकूही. म्हणून वैजयंतीने गाडी ढकलायला सुरुवात केली आणि बाजारपेठेच्या टोकाला शौकत मुल्लाणींच्या बॅटरीच्या दुकानात घामाघूम होऊन पोचली.

शौकतभाईंनी आधी टोपी काढली. मग मेलेली बॅटरी दोन्ही हातांनी उचलून फळीवर ठेवली आणि तिच्यावर फडकं घातलं.

"झटपट गेली?" त्यांनी विचारलं.

"काल रात्रीपर्यंत ठीक होती."

"मग हाल नाही झाले." ते गाडीजवळ वाकले. बॅटरी गेल्यावर गाडीचा आवाज बसतो, पण अगदी जात नाही. पेट्रोलच्या टाकीला कान लावला की ऐकू येतो. शौकतभाईंनी कान लावला, मान हलवली आणि सरळ उभे राहिले. "म्हणतात, आज नको. मन लागत नाही."

"आजच पाहिजे," वैजयंती म्हणाली. तिने स्वतःच टाकीला कान लावला. "हे बघ, वरती चांदी अडलीय. तुला माहितीये चांदी. गेल्या दिवाळीत तिच्या गोठ्यात आपण दोघी अडकून पडलो होतो."

गाडी म्हणाली, "बघते. पण वाटेल ती पाठवली तर मी घेणार नाही, हे आधीच सांगते."

शौकतभाईंनी उमेदवार काचेवर मांडले. तीन बॅटऱ्या होत्या. कायद्याने गाडीला प्रत्येकीला मोकळेपणी प्रश्न विचारता येतात आणि मधे कोणी बोलायचं नसतं. वैजयंती दाराशी उभी राहून नखं खात होती.

पहिली बॅटरी नवी कोरी, सीलबंद होती. तिने आपली माहिती स्वच्छ आवाजात सांगितली. तिला पाणी घालावं लागत नाही, उघडून बघावं लागत नाही, तिची काही कटकट नाही.

"घाटात मी अर्ध्यावर बंद पडले तर तू काय करशील?" गाडीने विचारलं. शौकतभाई कान लावून प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगत होते.

"ते वॉरंटीत बसतं का, ते आधी बघीन," बॅटरी म्हणाली.

"पुढची," गाडी म्हणाली.

दुसरीच्या अंगावर नवं स्टिकर होतं, पण खालून जुनं दिसत होतं. तिने लपवलं नाही. तिचा आधीचा घरोबा एका स्कूटरशी होता. स्कूटर भंगारात गेली, ही उरली. तोच प्रश्न तिलाही आला.

"खरं सांगू का?" ती म्हणाली. "तुम्ही बंद पडायच्या आधी मीच पडेन. गारठ्यात मला उठवत नाही."

"खरं बोललीस," गाडी म्हणाली. "बरं वाटलं." पण नकारच दिला.

फोन वाजला. भागूबाई होत्या. त्या रडत नव्हत्या, आणि वैजयंतीला त्याचीच जास्त भीती वाटली. "आडवी झाली," त्या म्हणाल्या. "डोळं फिरवतीया."

"पाणी पाजा. मानेखाली गवत द्या. येतेय."

तिसरी बॅटरी मोठ्या गाडीसाठी बनलेली होती. तिची ताकद दुप्पट होती आणि तिला ते माहीत होतं. गाडीने प्रश्न विचारला, तेव्हा ती हसली. आपण असल्यावर असा प्रसंग येतच नाही, असं तिचं म्हणणं पडलं. फक्त तिला बसायला जागा पुरत नव्हती, तेव्हा लोखंडी खण थोडा कापून घ्यावा लागणार होता.

"कोणाचा खण?" गाडीने विचारलं.

"तुमचाच."

गाडीने तिलाही नकार दिला. शौकतभाईंनी कान काढला आणि हात पुसत म्हणाले, "डॉक्टर, आता नवा माल शुक्रवारी येईल."

वैजयंतीचा धीर सुटला. नियम असो नसो, ती आत शिरली आणि तिने टाकीवर दोन्ही हात आपटले.

"अगं, अर्ध्यावर बंद पडलीस तर ढकलत नेईन! नाही जमलं तर तुझ्याशेजारी दगडावर बसून राहीन. सहा वर्षं दुसरं काय केलंय मी? पावसात, चिखलात, रस्त्यावर बसूनच होते ना तुझ्याजवळ? आणि वर ती म्हैस मरतेय, आणि तू मुलाखती घेत बसलीयस!"

मग टाकीतून अगदी बारीक आवाज आला, शौकतभाईंना पुन्हा वाकावं लागलं. ते सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता.

"त्यांनी निवड केली," ते म्हणाले. "तुमचं माप घ्यायला सांगितलंय."

"माझं?"

"नियमात आहे. बॅटरीच्या जागी मालक बसू शकतो. फारसं कोणी बसत नाही, एवढंच." त्यांनी व्होल्टमीटर काढला, एक टोक तिच्या उजव्या मनगटाला लावलं, एक डाव्याला. आकडा बघून त्यांनी ओठ मुडपले. "बसतंय. सकाळी काय खाल्लंत?"

"भाकरी आणि पिठलं."

"बरं झालं." त्यांनी तिच्या दोन्ही मनगटांना जपून ग्रीस चोळलं, म्हणजे गंज धरणार नाही. लाल वायर उजव्या मनगटाला आवळली, काळी डाव्याला. "ऐका. इंजिन चालू असेपर्यंत गाडी तुम्हाला भरत राहते. चालू करताना सगळ्यात जास्त जातं. हॉर्न कमी, दिवा नकोच. वायर काढल्यात तरी तुम्ही बॅटरीच राहाल, तेव्हा उगीच कुठे खर्च करू नका. मंजूर?"

"मंजूर," वैजयंती म्हणाली आणि बटण दाबलं.

पोटातून काहीतरी ओढून घेतल्यासारखं झालं. पण इंजिन लागलं होतं, आणि गाडीचा आवाज आता खणखणीत येत होता. "बसा," ती म्हणाली.

सपाटीवर तिला बरं वाटायला लागलं. मनगटांतून ऊब वर चढत होती. घाट लागला तशी वाट अरुंद झाली. पहिल्या दोन वळणांना तिने हॉर्न दिला नाही. तिसऱ्या वळणाला पलीकडून शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या आणि तिला तो दाबावाच लागला. एवढ्याशा आवाजाने दात थंड पडले. शेळ्या दरीच्या बाजूला सरकल्या, राखणारी बाई काहीतरी ओरडली, आणि गाडी तिच्या पदराला घासून पुढे गेली.

शेवटच्या चढावर सुटे दगड होते. मागचं चाक जागीच फिरलं, गाडी आचका देऊन बंद पडली आणि मागे सरकायला लागली. वैजयंतीने दोन्ही पाय रोवले.

"हेच मी त्या तिघींना विचारत होते," गाडी म्हणाली.

"आता नको बोलूस." तिने डोळे मिटून बटण दाबलं. इंजिन कण्हलं, थांबलं, पुन्हा कण्हलं आणि लागलं. तिच्या जिभेवर लोखंडाची चव आली. उरलेला चढ तिने पहिल्या गिअरमध्ये काढला.

धनगरवाड्यात भागूबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मनगटांच्या वायरी बघितल्या, काही विचारलं नाही आणि सोडवायला मदत केली. चांदी कुशीवर पडली होती. वैजयंतीने बाही वर केली, साबण लावला आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. रेडकाचं डोकं मागे वळून बरगड्यांशी अडकलं होतं. प्रत्येक कळ तिचा हात पिळून काढत होती. ती कळ ओसरायची वाट बघायची, बोटभर पुढे जायची, पुन्हा थांबायची. शेवटी बोटं जबड्याखाली गेली. तिने डोकं ढकललं, वळवलं, दोरी अडकवली. भागूबाईंनी तिला कमरेला धरलं आणि दोघी एकदम मागे रेलल्या.

रेडकू सुळकन् गवतावर आलं. काळं, ओलं, आणि अजिबात न हलणारं.

वैजयंतीने त्याचं नाक साफ केलं, नाकपुडीत काडी घातली, पाय धरून उलटं टांगलं, गवताने घासलं. काही नाही. तिने छातीवर कान ठेवला. मग स्वतःच्या मनगटांकडे बघितलं, ग्रीस पुसलं आणि दोन्ही मनगटं रेडकाच्या बरगड्यांच्या दोन बाजूंना आणली.

"डॉक्टर," अंगणातून गाडीचा बारीक आवाज थेट तिच्या मनगटांत आला, "परतीचं बघा. तुमच्यात फार उरलेलं नाही."

"माहितीये," ती म्हणाली आणि मनगटं टेकवली.

चट् झालं. रेडकू ताठ झालं, ढिलं पडलं. तिने पुन्हा टेकवली. या वेळी आवाज फार लहान आला. रेडकाला शिंक आली. मग त्याने डोकं उचललं आणि ते न पेलवून गवतात आपटलं. चांदीने कुठूनतरी ताकद आणली, मान वळवली आणि त्याला चाटायला लागली.

वैजयंती भिंतीला टेकून बसली ती बसलीच. हात वर होईना. भागूबाईंनी गूळ भरवला, ताक पाजलं. बाहेर ऊन कलत होतं. खाली दवाखान्यात अजून दोन बैल तिची वाट बघत बांधलेले होते.

"उठवतंय का?" भागूबाईंनी विचारलं.

"एकदा गाडी चालू झाली की भरेन. चालू करण्याएवढंच उरलेलं नाहीये."

म्हातारीने ताकाचं भांडं बाजूला ठेवलं. मग वैजयंतीला खांद्याला धरून गाडीपाशी नेलं, सीटवर बसवलं, दोन्ही वायरी बांधल्या आणि आपल्या सुरकुतलेल्या हातांनी तिची दोन्ही मनगटं घट्ट पकडली.

"म्हातारीत किती असायचं," त्या म्हणाल्या, "पर हाय ते घे."

वैजयंतीने बटण दाबलं. नुसतं टक् झालं. तिने पुन्हा दाबलं आणि दाबून धरलं. इंजिन गुरगुरलं, अडखळलं, भागूबाई जागच्या जागी वाकल्या, त्यांच्या डोळ्यांपुढे क्षणभर काळोख झाला, आणि गाडीचा दिवा लागला.

"सोडा आता," गाडी म्हणाली. "लागलं."

भागूबाईंनी हात सोडले आणि पदराने पुसले. गोठ्याच्या कुडाला धरून त्या उभ्या राहिल्या.

"पुढच्या येळंला चांदी गाभण राहिली की आधीच सांगावा धाडते," त्या म्हणाल्या. "म्हंजे भरून येशील."

वैजयंतीने मान डोलावली, दिवा बंद केला आणि ती घाट उतरायला लागली.