भारी पडलेला होकार

आज पाहुण्यासमोर तोंड उघडायचं नाही, असं अनुस्वाररावांनी ठरवलं होतं. (ठरवतात ते नेहमीच!) छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांची हयात गेली, म्हणून हे टोपणनाव. घासातला खडा काढावा तशी ते समोरच्याच्या बोलण्यातली चूक काढत. घरी आलेल्याच्यासुद्धा.

आणि आज आला होता तो साधासुधा पाहुणा नव्हता. ज्याच्याशी लग्न करायचं म्हणून मुलगी हटून बसली होती, तो चष्मेवाला मुलगा! "बाबा, आज तरी त्याचं काही काढू नका हं," असं तिनं हात जोडून विनवलं होतं.

मुलानं चहाचा घोट घेतला आणि तो मनापासून म्हणाला, "काकू, चहा भारी झालाय!"

झालं! अनुस्वाररावांची भुवई वर गेली ती खाली येईना.

"भारी म्हणजे? वजनाला?"

"बाबा!"

"बाबा काय बाबा! कालपरवाचं खूळ हे. आमच्या काळी चहा छान व्हायचा, उत्तम व्हायचा, फार तर पांचट व्हायचा. भारी कध्धी झाला नाही! असं बोलणाऱ्याला मी मुलगी देणार नाही."

मुलाचा चेहरा पडला. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अहो, परवा दुकानात 'जरा भारीतलं कापड दाखवा' कोण म्हणालं?" बायकोनं विचारलं.

"तो अर्थ निराळा. ते भारी म्हणजे किमती!"

"मग माझा चहा काय फुकटातला आहे?"

अनुस्वाररावांनी तडक आतल्या खोलीतून आईला आणलं. आईनं ऐंशी ओलांडली होती, कानानं कमी, पण जिभेनं तिखट.

"आई, तूच सांग. 'भारी' असं तू कधी म्हणतेस का? म्हणत असशील तर आत्ता होकार देतो!"

"मी? मुळीच नाही," आई ठसक्यात म्हणाली. "असलं थिल्लर बोलणं मला भारी खटकतं."

बायकोनं तोंडावर हात दाबला. अनुस्वाररावांनी ते वाक्य मनात पुन्हा तपासून पाहिलं. (चूक सापडेना.) मग त्यांचं लक्ष मुलीकडे गेलं. डोळे पुसत ती आशेनं त्यांच्याकडेच बघत होती. एवढ्याशा शब्दापायी आपण पोरीला रडवलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"दिला होकार," ते पुटपुटले.

मुलगा ताडकन उठला. आता तो फुंकून फुंकून बोलत होता. "आपल्या औदार्याने मी अत्यंत उपकृत झालो आहे. आपल्या सुकन्येचा मी आजन्म सांभाळ करीन."

अनुस्वारराव विरघळलेच. 'करीन' म्हणाला, 'करेल' नाही!

आईच्या कपाळावर मात्र आठ्या. "हे काय बोलला रे? आजकालच्या पोरांचं मेलं नवीनच काहीतरी! आमच्या वेळी माणसं सरळ बोलायची. असल्याच्या हाती मी माझी नात देणार नाही."

"अगं आई, एरवी तो असा बोलत नाही!"

"बोलत नाही कसा? आत्ता बोलला की!"

मुलगी पुन्हा रडवेली झाली. अनुस्वाररावांनी घाम पुसला, बायकोची नजर चुकवली आणि आईच्या कानाशी जाऊन ते ओरडले, "भारी आहे गं मुलगा! एकदम भारी!"

"असं होय?" आई निवली. "मग करा लग्न. तू काही शब्द तपासल्याशिवाय बोलायचा नाहीस."