रेंज बांधापलीकडची

वेळा अमावास्येच्या सकाळी शेषेरावांनी शेतातल्या कडब्याच्या कोपीसमोर उभं राहून फर्मान काढलं, "आज पाव्हणे असे जेवले पायजेत, की हदगावला जाईस्तोवर ढेकर थांबला न्हाई पायजे!"

कारणही तसंच होतं. लेक सृष्टीसाठी हदगावचं स्थळ आलं होतं, आणि मुलाचे वडील देविदासराव सहकुटुंब लातूरकडची येळवस, म्हणजे हीच वेळा अमावास्या, बघायला थेट रानात येणार होते. बायको सिंधूताईंनी डाळी-भाज्यांची पातेलंभर भज्जी रटरटवली होती, आंबील सावलीत गार होत होती, पूजेच्या पाच दगडांना, म्हणजे पांडवांना, चुना लागला होता. राहिला होता तो फक्त पत्ता पाठवायचा.

आता शेषेरावांच्या रानात सगळं पिकतं, मोबाइलची रेंज तेवढी उगवत नाही. ती उगवते बांधापलीकडे, चुलतभाऊ वैजनाथच्या चिंचेखाली. आणि बांध कुणी कोरला यावरून भांडण झाल्यापासून शेषेराव गावभर सांगत आले होते, "त्याच्या रानात पाय ठिवला तर मिशा काढीन!" मिशा शाबूत होत्या, कारण पाय ते कुणी बघत नसतानाच ठेवत. चिंचेखाली एक सपाट दगडही होता, बुडाला अगदी बेताचा. त्यावर बसून त्यांनी आजवर पावसाच्या अंदाजापासून सोयाबीनच्या भावापर्यंत सगळं बघितलं होतं. आजही ते वाकून गेले, 'इथंच या' लिहून लोकेशन पाठवलं आणि वाकूनच परत आले.

पाहुणे तिथंच गेले.

येळवशीला रानात आलेल्या माणसाला 'कोण, कुठले' विचारत नाहीत, आधी पत्रावळ मांडतात. पांढरी गाडी वैजनाथच्या कोपीपाशी थांबली आणि पाहुणे पंगतीत बसलेसुद्धा. बांधाआडून शेषेरावांना देविदासरावांचा हात तेवढा दिसत होता. सारखा वरखाली होणारा.

"अगं, आपला पाव्हणा त्याची भज्जी हाणायलाय!"

"मग आणा की जाऊन," सिंधूताई म्हणाल्या.

"मी? आन् मिशा?"

"ठिवा मिशा. पोरीचं लगीन त्येंच्यासंगंच लावा!"

शेषेरावांनी दिवसाढवळ्या, ताठ मानेनं बांध ओलांडला. वैजनाथ आंबील वाढत होता. "ये दादा," तो म्हणाला, जणू कालच बोलणं झालं होतं.

देविदासराव बोटं चाटत उठले. "या, या! आम्ही तर जेवून बी राहिलो. तुमचे भाऊ म्हणले, दादा येतीलच. काय एकोपा हो! पाहुणे आधी भावाच्या कोपीवर धाडले तुम्ही. अशा घरची पोर आम्हाला पायजेच."

शेषेरावांनी मिशीवर हात फिरवला. "आमची रीतच हाय ती. पयला मान भावाचा."

वैजनाथला ठसका लागला.

पण सिंधूताईंचं पातेलं भरलेलंच होतं, आणि पाहुण्यांच्या पोटात आता शीतही मावत नव्हतं. शेवटी वैजनाथच बायकापोरांसह बांध ओलांडून आला आणि तीनदा भज्जी मागून जेवला.

हात धुताना शेषेराव हळूच म्हणाले, "हे बघ, लोकेशन मोबाइलनंच चुकीचं दावलं. मी काय तुझ्या रानात आलो नव्हतो."

"न्हाईच की," वैजनाथ म्हणाला. "पण चिंचेखालचा दगुड टोचत न्हाई ना? गेल्या सालच्या दिवाळीत मीच आणून टाकलो. म्हणलं, दादा किती येळ उभ्यानं बोलंल."