दोन मिनिटं एकोणीस

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या भाईंदर पश्चिमेच्या सोसायटीत खानविलकर सर माझी ओळख "हा सोळा सेकंद" अशी करून देत. एकदा मी रिक्षामागे गेटपासून नाक्यापर्यंत धावलो, ते त्यांनी गॅलरीतून स्टॉपवॉच लावून मोजलं होतं. त्या वयाला सोळा सेकंद वाईट नाहीत, असं माझं मत आहे.

सर एका कॉलेजात तीस वर्षं खेळाचे मास्तर. माणसाचं नाव त्यांच्या डोक्यात टिकत नाही, आकडा मात्र पुसला जात नाही. एकदा सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर एक टकला इस्टेट एजंट त्यांच्या पाया पडला. सर म्हणाले, "भाला, बासष्ट मीटर. पोट कुठून आणलंस?" तो खूश. तो गेल्यावर मला विचारतात, "पेंटर, हा कोण रे?"

मला माहीत असायचं. कॉलेजच्या जिमखान्यातल्या लाकडी फळ्यावर दर वर्षीच्या उत्कृष्ट खेळाडूचं नाव मीच रंगवायचो. मी चौथी शिकलेला, पण प्रिन्सिपॉल थांबून अक्षर बघत. शिकलेला माणूस भराभर लिहितो आणि विसरतो. मला एकेक अक्षर चितारावं लागे, म्हणून एक नाव विसरलो नाही.

त्या तेवीस साली कॉलेजने काचेचा 'हॉल ऑफ फेम' काढला, आतून दिवे लागणारा. जुना फळा दुरुस्तीत भंगारात गेला होता, वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. सरांना ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला, उद्यापर्यंत वर्षवार यादी द्या. सरांनी फोनवरच सुरू केलं, "पहिला, चारशे मीटर, एक्कावन्न."

"सर, भिंतीवर नाव लागतं हो," मॅडम म्हणाल्या.

म्हणून संध्याकाळी सर माझ्याकडे आले. ते आकडा सांगणार, मी नाव लिहिणार.

"लांब उडी, सहा नव्वद. डाव्या पायाने उडायचा."

"विलास भोईर. त्या वर्षी लाल रंग संपला होता."

"गोळाफेक, तेरा मीटर. हरली तरी रडायची, जिंकली तरी रडायची."

"मंगल गावंड."

दोनदा चहा झाला. मग आलं अठ्ठ्याण्णव साल.

"सुजाता म्हात्रे," मी म्हणालो.

"आठशे मीटर, दोन बावीस. ती दुसरी आली होती."

"मग पहिली कोण?"

"वैशाली. दोन मिनिटं एकोणीस."

वैशाली म्हणजे त्यांची मुलगी. नाशिकला असते. दिवाळीला येते, आईच्या फोटोला हार घालते आणि दुपारच्या गाडीने परत जाते.

"तिचं नाव का नाही दिलंत मला?"

"बापानेच निवडायचं आणि बापानेच कप द्यायचा? लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या." सर टेबलावरचा चहाचा डाग नखाने खरवडत होते. "तिने त्या दिवशी धावायचे बूट काढले ते पुन्हा घातले नाहीत. आता फोनवर औषधं घेतलीत का विचारते. बस."

"मग आता घाला. काच नवीन आहे."

"आणि सुजाताला खोडू? तिचा काय गुन्हा? वर्षाला एकच नाव, हा नियम माझा आहे. लिही गुपचूप."

मी लिहिलं. सर उठले आणि चपला माझ्या दारातच विसरून अनवाणी जिना चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी घेऊन मी एकटाच कॉलेजात गेलो. आत जाण्याआधी गेटवरच्या वॉचमनचं पेन मागितलं आणि त्याच्या स्टुलावर बसून एक नाव वाढवलं. वळणदार काढलं, घाई केली नाही.

मॅडमनी चष्मा वर केला. "काका, अठ्ठ्याण्णवला दोन नावं?"

"फळ्यावर दोन होती."

"सर तर म्हणायचे, वर्षाला एकच."

"सर काय म्हणतात ते सोडा. फळा रंगवला कुणी, सरांनी की मी?"

त्यांनी टाइप करायला घेतलं. बसा म्हणाल्या, पण 'वैशाली खानविलकर' पूर्ण होईपर्यंत मी उभाच राहिलो.