माहीत नसलेला इसम पाहिजे

परंपरा थोर असते आणि डॉक्टर रजेवर असतो. या दोन शाश्वत सत्यांच्या पायावर बोरीवलीतला एक सार्वजनिक दवाखाना उभा आहे.

पुढे डॉक्टर रजेवरूनच बदलून गेले आणि पद रिकामं झालं. (रिकामं असलं तरी ते मंजूर आहे, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.) रुग्ण मात्र येतच राहिले. रांगेत बसून एकमेकांना औषधं सांगायचे आणि समाधानाने घरी जायचे. हे एका दक्ष अधिकाऱ्याने हेरलं आणि ‘लोकपरंपरा उपचार योजना’ जन्माला आली. आता रांग हीच ओपीडी. रुग्णाने उभं राहून तक्रार सांगायची, रांगेने उपाय सांगायचा आणि शिपाई धोंडिराम यांनी केसपेपरवर शिक्का मारायचा : ‘उपाय मिळाला’.

योजना शंभर टक्के यशस्वी आहे. (जे दगावले त्यांनाही उपाय मिळाला होताच.)

सुलक्षणा तिथे आली ती नवऱ्याच्या पायासाठी. गुणाजींना जुनी शुगर. नवी चप्पल चावल्याचं निमित्त झालं आणि डाव्या पायाचा अंगठा काळा पडत गेला. मोठ्या इस्पितळात सर्जन आहे, पण दवाखान्याच्या चिठ्ठीशिवाय तो बघत नाही. आणि उशीर झाला तर पाय जातो, एवढं सुलक्षणाला शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका पायावरून ठाऊक होतं.

“पायाक काय्येक झालेला नाय,” बाकावर टेकत गुणाजी म्हणाले. “आंगठ्याक झालाहा.”

“आंगठो काय शेजाऱ्याचो आसा?”

चिठ्ठीचा नियम अगदी सोपा. परंपरेचा अवमान होऊ नये म्हणून रांगेतल्या एका माणसाने, फक्त एकाने, पुढे येऊन म्हणायचं, ‘मला उपाय माहीत नाही.’ नातेवाईक चालत नाही. एवढं झालं की चिठ्ठी हातात.

असा इसम अद्याप सापडलेला नाही.

(एक वैद्य सापडले होते. आयुर्वेदाचे रीतसर पदवीधर, नेमणूक ताजी. पहिल्याच आठवड्यात असाच एक पाय पाहून ते म्हणाले, “याला माझ्याकडे उपाय नाही. आजच्या आज सर्जनकडे न्या.” ते कर्मचारी असल्याने त्यांचं अज्ञान ग्राह्य धरता आलं नाही. परंपरेविषयी अनास्था दाखवल्याबद्दल त्यांची बदली झाली.)

सुलक्षणाने तक्रार सांगितली. रांगेला तरतरी आली.

— लसूण तेलात काळी होईपर्यंत तळा. मग काळ्याला काळं मारतं.

— रेकी करा ना. पाय आणायची पण गरज नाही, फोटो पाठवा.

— आमच्या मावसभावाचा अख्खा पाय असा झालता. कारल्याच्या रसात बुडवला.

— मग?

— मग काय, गेला तो. पण ॲटॅकने गेला. पाय शेवटपर्यंत झकास होता.

— मला माहीत नाही...

सुलक्षणा गर्रकन वळली. धोंडिरामांनी चिठ्ठीला हात घातला.

— ...म्हणजे नाव माहीत नाही हो. पाला आहे एक. नॅशनल पार्कच्या भिंतीला उगवतो.

शिक्का.

सलग तीन सकाळी हेच. काळेपणा शेजारच्या बोटावर गेला. चौथ्या सकाळी रांगेत तिच्याच मजल्यावरची शकु भेटली. शकुच्या मुलाचं, केतनचं, पोट उजव्या बाजूला दुखत होतं, हात लावू देत नव्हता. तिलाही चिठ्ठीच हवी होती.

सुलक्षणाच्या डोक्यात प्रकाश पडला. “शकु, मी तुझ्यासाठी म्हणते माहीत नाही, तू माझ्यासाठी म्हण. सुटलो दोघी.”

“कसलं डोकं आहे गं तुझं!”

केतनचा नंबर आधी लागला. शकुने तक्रार सांगितली. सुलक्षणा पुढे झाली. घसा साफ केला. तीन सकाळी या चार शब्दांसाठी तिने अनोळखी लोकांचे हात धरले होते. शब्द साधे होते. पण समोर शकुचं ते पोर, पोट धरून वाकलेलं. आणि कुडाळच्या आत्तेने अशी किती पोटं उतरवली होती!

“मला उपाय...” ती म्हणाली. “मला... अगो, बेंबीत हिंग घाल त्याच्या. आत्ता उतरात!”

शिक्का.

“वाट लावलीस, मेले!” शकु ओरडली.

मग गुणाजींचा नंबर. शकु पुढे झाली. काळी बोटं बघून तिचा राग विरघळला, डोळ्यांत पाणी आलं.

“सुलू, जळू लावून बघ. रागाने नाही सांगत गं. मनापासून सांगतेय.”

शिक्का.

मनापासून सांगतात सगळेच, हेच तर योजनेचं बळ.

धोंडिरामांना मात्र राहवलं नाही. त्यांनी साहेबांना फोन लावला. “ताई, साहेबांनी सवलत दिली. रांगेबाहेरचा माणूस पण चालेल. फक्त केस पहिल्यापासून समजून घेतलेला पाहिजे.”

सुलक्षणाने इकडेतिकडे पाहिलं आणि मग तिची नजर तुमच्यावर येऊन थांबली.

केस तुम्ही पहिल्यापासून समजून घेतली आहे. तुम्ही नातेवाईक नाही. गुणाजी पाय बाकावर घेऊन बसलेत. धोंडिरामांनी शिक्का बाजूला ठेवलाय आणि चिठ्ठीवर नाव लिहून तयार आहे. फक्त चार शब्द. मला उपाय माहीत नाही.

बोला.

...

काय? कडुलिंब?

धोंडिराम, मारा शिक्का.