एन्झाइमासाठी घरचं पाणी

आमच्या शेजारचे व्यंकोबाराव सांबार चाखण्याआधी लिटमस कागदानं त्याचा आंबटपणा तपासतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. खिशातून कागद निघाला की वाढपी पुढच्या पानाकडे पळतो.

राव कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात, मी तिथंच रसायन. एक जिवाणू डीएनएचे तुकडे करणारं एन्झाइम बाहेर सोडतो. ते कशानं चपळ होतं आणि कशानं सुस्तावतं, हे शोधण्यात रावांची हयात गेली. ऊब हवी, पण बेताची; आंबटपणा नको; मॅग्नेशियम चिमूटभर हवंच. हाच न्याय ते सगळ्या जगाला लावतात. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत नवराबायकोचं वाजलं, की राव ओसरीवरून निकाल देतात, "माणसाचा दोष नाहीं. फॅक्टर बघा." त्यांच्या मते पंखा लावला असता तर भांडण झालंच नसतं.

गेल्या उन्हाळ्यात खुद्द एन्झाइमच संपावर गेलं. त्यांची विद्यार्थिनी सेल्वी हिचा प्रबंध अडला आणि मुदत तर डोक्यावर आलेली. रावांनी उष्णता मोजली, क्षार बदलले, वीज मंडळाला दूषणं दिली, सेल्वीची नखंही तपासली. शेवटी मी विचारलं, पाणी कुठलं वापरता? राव घुटमळले. कॉलेजातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं होतं. तेव्हापासून त्यांच्या बायको, रुक्मिणीअक्का, पाणी उकळून, गाळून, चिंचेनं लखलखीत घासलेल्या तांब्याच्या सोंबूत, म्हणजे गडूत, रात्रभर ठेवून सकाळी डब्याबरोबर देत होत्या.

पाण्यात तांबं उतरलं की हे एन्झाइम मान टाकतं, असं राव स्वतःच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहेत. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसानं घरच्या पाण्यावर तेवढा घेतला नव्हता. मला हसू आवरेना. पाणी विकत आणलं, एन्झाइम निमूट कामाला लागलं, सेल्वीचा प्रबंध वेळेत गेला.

सोंबू मात्र येतच राहिला. एकदा मधल्या सुट्टीत राव प्रयोगशाळेच्या दाराआड तो घटाघटा रिकामा करताना सापडले. अक्कांना खरं का सांगत नाही, मी जरा चेष्टेनंच विचारलं.

"लग्न झाल्यापासून तिनं माझ्या कामाचं कधीं विचारलं नाहीं," राव म्हणाले. "मीहि सांगितलं नाहीं. घरांत तिसरं कोणी नाहीं, तरी आम्ही दोघं बोलायचों भाजीचं नि बिलाचं. आतां रोज सांजे दारांत उभी राहून विचारते, एन्झाइम पाणी प्यालं कीं नाहीं. सगळं प्यालं, म्हणतों. तूं बोलूं नकोस तिच्याकडे. सेरी, ठीक?"

सेरी, म्हटलं.