बसलेली गाडी

सासऱ्यांची गाडी आपणच दुरुस्त करायची, असं मी एका रविवारी चहा पिता पिता ठरवलं. (ठरवायला अर्धा कप लागला, निस्तरायला दोन महिने.)

ती गाडी साधी नव्हती. तिला स्प्रिंगाच नव्हत्या; तेलाच्या दाबावर ती उभी राहायची. रात्रभरात बूड टेकून बसायची आणि सकाळी इंजिन सुरू केलं की सावकाश उठायची. सासरे गेले आणि तिचं मागचं अंग उठेचना.

"लहानपणी मी आधीच मागे जाऊन बसायचे," बायको म्हणाली होती. "बाबा किल्ली फिरवायचे, मी डोळे मिटायचे. वाटायचं, बाबांनी कडेवर घेतलंय." एवढं बोलून ती भांडी लावायला आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाजच आला नाही. माझा चहा तिथेच अर्धा राहिला.

गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, "मागची झडप गेलीय. गाडीची उंची तीच राखते. तिच्यावरचा नंबर बघून नवी आणा, मी बसवतो."

नंबर वाचायला काय अक्कल लागते? गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो, मान पिरगाळली, नंबर टिपला आणि झडप मागवली. दहा दिवसांनी पार्सल आलं. बायकोनं ते स्वतः, अगदी हळुवार हातांनी उघडलं. आत ट्रकच्या दाराची मूठ होती.

"ही बाबांच्या गाडीला कुठे बसते?"

"बसेल कुठेतरी," मी म्हणालो. ती हसली नाही. मूठ पुन्हा खोक्यात ठेवून तिनं खोकं नीट बंद केलं. ते मला फार लागलं.

मग मिस्त्रीकडून जुनी झडपच काढून घेतली, कागदात गुंडाळली आणि स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो.

"पुढची की मागची?" चष्मेवाल्या दुकानदारानं विचारलं.

"मागची."

"किती साल?"

"दोन वर्षं झाली त्यांना जाऊन."

"गाडीचं साल विचारतोय, साहेब."

त्यानं झडप पुसली, माझी चिठ्ठी पाहिली आणि चिठ्ठीच फिरवून धरली. "इंग्रजी आकडे आहेत. तुम्ही उलटे वाचलेत. नऊशे एकसष्ट नाही, एकशे शहाण्णव." (ऑफिसात माझं काम आकडे तपासण्याचं आहे. हे कृपया बाहेर जाऊ देऊ नये.)

झडप बसली. मिस्त्री गाडी आमच्या दारात सोडून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको मागच्या सीटवर जाऊन बसली. मी किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं, पंप गुणगुणायला लागला आणि गाडीचं मागचं अंग हळूहळू वर आलं. आरशात पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते.

"सरका," थोड्या वेळानं ती पुढे येऊन म्हणाली. "मी चालवते. बाबांनीच शिकवली होती."

मी मागे जाऊन बसलो, तिनं गाडी फाटकाबाहेर काढली. मी फाटक लावायला उतरलो, कडी घालून वळलो, तर रस्ता रिकामा!

पाऊण तास मी फाटकाशी उभा होतो. गाडी परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता.

"अहो, तुम्ही इथे कसे?"

"मी इथेच होतो."

"म्हणजे मागे बसला नव्हता? मी बाबांचं सगळं सगळं सांगत होते, आणि मागून मस्त 'हं, हं' येत होतं!"

"तो पंप असेल."

ती गाडीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

"तरीच म्हटलं," ती म्हणाली, "लग्नाला सोळा वर्षं झाली, आज पहिल्यांदाच तुम्ही मध्ये न बोलता माझं ऐकून कसं घेतलंत!"